लॉगच बंद केला तर बग दिसणार कसा?

सॉफ्टवेअरमध्ये एक जुनी लबाडी आहे. एरर सुटत नसेल तर तिचा लॉग बंद करायचा. डॅशबोर्ड हिरवागार, मॅनेजर खूश. जगाच्या कार्बन हिशेबात सैन्यांबाबत हेच चाललंय.

1997 च्या क्योटो करारात अमेरिकेने आग्रह धरून परदेशातल्या संयुक्त लष्करी मोहिमांचं इंधन देशाच्या हिशेबातून वगळून घेतलं. वर त्या करारावर शिक्कामोर्तब केलंच नाही. 2015 च्या पॅरिस करारातही सैन्याची वेगळी नोंद देणं ऐच्छिकच राहिलं. युरोपच्या कार्बन बाजारातून लष्करी उड्डाणं वगळलेली आहेत.

हे काही किरकोळ नाही. बी-52 बॉम्बर विमानात सुमारे 1 लाख 41 हजार किलो इंधन मावतं. ते सगळं जळलं की साधारण 440 टन कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीय माणसाचा वाटा वर्षाला दोन टनांच्या आसपास. म्हणजे एका टाकीत दोनशेहून जास्त माणसांचं अख्खं वर्ष! अभ्यासक नेटा क्रॉफर्ड यांच्या हिशेबाने 2017 मध्ये पेंटागॉनचं उत्सर्जन 5.9 कोटी टन होतं, स्वीडनपेक्षा जास्त.

लगेच उत्तर येतं: हा सुरक्षेचा प्रश्न आहे, कर लावला तर सैन्य दुबळं होईल. मग गणित करूच. बायडन सरकारने 2021 मध्ये कार्बनच्या नुकसानीची किंमत टनाला 51 डॉलर धरली होती. त्या दराने बिल होतं साधारण 3 अब्ज डॉलर. 2017 चं संरक्षण बजेट 600 अब्जांहून जास्त. म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. 2023 चा 190 डॉलरचा दर लावला तरी दोन टक्क्यांच्या आत. एवढ्याने कुठलं सैन्य कोसळतं? आणि गुपिताचं म्हणाल, तर क्रॉफर्ड यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने छापलेले वार्षिक आकडेच वापरलेत.

मान्य, सरकारने स्वतःलाच कर भरणं म्हणजे या खिशातून त्या खिशात. त्याने एकही विमान जमिनीवर राहणार नाही. पण बिल फाडायचं तर आधी मोजावं लागतं. नेमकं तेच टाळलं जातंय.

2018 मध्ये फ्रान्सने डिझेलवरचा कर वाढवायला घेतला, तेव्हा गावाकडून गाडीने कामावर जाणारी माणसं पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरली. त्यांना पर्यावरणाचे शत्रू म्हणणं सोपं होतं. पण ज्याचा लिटर-लिटर मोजला जातो, तो चिडणारच.

कार्बनवर किंमत हवीच. फक्त पंपावरच्या माणसाला पावती देण्याआधी रणगाड्याचा लॉग चालू करा.