एकच सायकल घ्यायची, तर ती कोणाच्या मापाची?

नेसरीच्या आमच्या आक्काने यंदा पावसाळ्याच्या तोंडावर बचत गटातून कर्ज उचलले आणि घरात सायकल घ्यायचे ठरवले. एकच. हप्ते फिटेपर्यंत दुसरीचे नाव काढायचे नाही, असे तिने आधीच बजावून ठेवले होते. दाजींना पहाटे दुधाची किटली घेऊन डेअरीला जायचे असते, भाचीला कॉलेजला, आक्काला अंगणवाडीत. शिवाय सुगीत शेतावर जायचे, म्हणजे पाणंद आली. डांबरावर पळणारी आणि पाणंदीत न अडणारी सायकल कोणती, हे आम्हाला विचारण्यात आले. मोटरसायकलींच्या या दिवसांत पायडल मारणारे नातेवाईक आम्हीच काय ते उरलो आहोत.

भाच्याची निवड तयार होती. पुढे शॉकॉब्सर, मागे शॉकॉब्सर, जाडजूड खवल्यांचे टायर. दिसायला झकास! पण मागचा शॉकॉब्सर पायाचा जोर खातो. आपण पायडल दाबतो आणि सायकल पुढे जायच्या आधी खालीवर डुलते. स्वस्तातल्या शॉकॉब्सरने तर वजनच वाढते. खाचखळग्यांचा धक्का बऱ्याच अंशी टायरमधली हवाच झेलते. म्हणून टायर रुंद घ्यावा, पण त्याची नक्षी मध्यभागी सलग आणि कडेला खवल्यांची असावी. सगळाच खवल्यांचा टायर डांबरावर घुमतो आणि ओढतो. पाणंदीला हवा थोडी कमी, सडकेला जास्त. किती भरायची त्याची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. ती कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

त्याच कडेवर आणखी एक गोष्ट वाचायची असते आणि तिथे भलेभले फसतात. 26 इंच म्हटले की सगळी चाके एकच, असा आपला समज. तसे नाही. 26 × 1.95 असे दशांशात लिहिलेला टायर आणि 26 × 1⅜ असे अपूर्णांकात लिहिलेला टायर, यांच्या रिमा निरनिराळ्या. पहिलीचा व्यास 559 मिलिमीटर, दुसरीचा 590. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. एकदा आम्ही बाजाराच्या दिवशी चुकीचा टायर विकत आणून परत चालत गेलो आहोत. आक्काला आम्ही दशांशातला 26 सुचवला, कारण तो रुंद मिळतो आणि त्याचे टायर-ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळणे सोपे. 29 इंची चाके सडकेवर छान धावतात, पण ऐन पावसात ट्यूबसाठी कोल्हापूर गाठायची वेळ येऊ नये.

ब्रेकच्या बाबतीत आमचा हट्टच होता. आमच्याकडे 28 च्या चाकांची जुनी काळी सायकल आहे, सळईच्या ब्रेकची. कोरड्यात तिच्यासारखी गुणी नाही. पण लोखंडी रीम भिजली की ब्रेकचे रबर नुसते सरकत राहते. एका आषाढात तिने आम्हाला ओढ्याच्या मोरीवरून थेट भाताच्या खाचरात नेऊन बसवले. ॲल्युमिनियमची रीम आणि तारेचे ब्रेक असले की पावसातही पकड बरी राहते. डिस्कब्रेक त्याहून चांगला, पण त्याची चकती वाकली तर गावातल्या मिस्त्रीला सरळ करता येते का, हे आधी विचारून घ्यावे. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये निदान बोटभर जागा हवी. पाणंदीतली तांबडी माती तिथे अशी बसते की चाकच फिरायचे थांबते, मग काडीने कोरत बसा.

गिअर? प्रतापराव गुजरांच्या खिंडीचा हा मुलूख, चढ-उताराचा. मागे किटली असेल तर मागचे सहा-सात गिअर उपयोगी पडतात. पुढच्या तीन चक्रांची गरज नाही.

खरे भांडण झाले ते दांडीवरून. आम्ही म्हटले, दांडी खाली उतरलेली घ्या. भाचा आणि दाजी दोघेही एका सुरात, “लेडीज सायकल? गावात हसतील.” आम्ही एवढेच विचारले, की साडी नेसून आक्का उंच दांडीवरून पाय कसा टाकणार? खाली दांडीची सायकल दाजींना चालवता येते. उंच दांडीची आक्काला येत नाही. कर्जाचे हप्ते मात्र तिच्या नावावर. मागे याच घरात भाच्यासाठी सायकल आली होती. तिला भाचीने हातसुद्धा लावला नाही आणि भाच्याचा कंटाळा झाल्यावर ती गोठ्यात टांगली गेली.

इथे एक गोष्ट आमच्याविरुद्ध जाते, तीही सांगतो. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. तिथे काहींना पुरुषांचीच सायकल पसंत पडली, कारण दांडीवर मूल बसवता येते. म्हणजे लेडीज-जेंट्स हे दुकानदाराने ठरवायचे नाही. आक्काकडे आता बसवायला लहान मूल नाही, किटली आहे. ती कॅरिअरवर बसते. कॅरिअर आणि मजबूत स्टँड बसवायला फ्रेमवर भोके आहेत ना, हे दुकानातच पाहावे. हौसेच्या काही सायकलींना ती नसतात.

शेवटी सायकल आली ती खाली दांडीची, निळी. सीट हाताने सैल करून वरखाली करता येते. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा, हे सीटच्या उंचीचे माप. भाचीने सीटच्या नळीवर नेलपॉलिशने तीन रेघा ओढल्या. सगळ्यात खालची आक्काची, मधली तिची, वरची दाजींची. भाच्याने चौथी रेघ मागितली आहे. ती कुठे ओढायची यावर परवापर्यंत तरी निकाल लागलेला नव्हता.