माया ठेवून काप



सिंगापूरच्या शाळांत दरवर्षी २१ जुलैला सलोख्याचा दिवस पाळतात. १९६४ साली याच दिवशी तिथे वांशिक दंगल उसळली होती, त्याची आठवण म्हणून १९९७ पासून ही प्रथा आहे. मुलं पारंपरिक कपडे घालून येतात, कधी आपले, कधी मित्रमैत्रिणींचे. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने तिच्या चिनी मैत्रिणीशी ठरवून टाकलं: मैत्रीण परकर-पोलकं घालणार आणि ही चिओंगसाम.

चिओंगसाम तिथे विकतही मिळतो. पण जूनच्या सुट्टीत तिगावला माहेरी जायचंच होतं, आईचं शिलाई मशीनही होतं. पांढुर्ण्याहून लाल साटीन आणलं आणि मीच कापायला बसले.

कँटोनीत चिओंगसाम म्हणजे 'लांब झगा'. १९२० च्या दशकात तो शांघायमध्ये लोकप्रिय झाला. सुरुवातीला तो सैल, सरळ असे. खांद्याला शिवण नसे, कापड खांद्यावर दुमडून पुढचा-मागचा भाग एकसंध कापत. टक्स घालून अंगाबरोबर बसवणं नंतर आलं. आपले टेलर जिला 'चायनीज कॉलर' म्हणतात ती उभी कॉलर आणि गळ्यापासून उजव्या काखेकडे जाणारा तिरका काप, ही त्याची ओळख.

लेकीची छाती २६ इंच. मी सरळ चार भाग केले, साडेसहा इंचावर खडूची रेघ ओढली आणि कात्री चालवली. आई शेजारून परतली, कापलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "कापलं का वं? यात माया कुठं हाये?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही बाजूंच्या शिवणींत चार कडांचा अर्धा-अर्धा इंच जाणार. म्हणजे २६ च्या छातीला २४ चा झगा! खरं तर श्वास घ्यायला दोन इंच सैल धरून २८ हवा होता. उरलेल्या साटिनीच्या नुसत्या चिंध्या होत्या. लेक काही बोलली नाही, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी आईने ट्रंक उघडली. ओटीत आलेले खण तिने वर्षानुवर्षं जपून ठेवलेत. त्यातला एक काळा, लाल काठाचा खण तिने काढला आणि लेकीला नव्याने मापायला घेतलं. आधी उभी, मग हात वर करून, मग मांडी घालून. "पोरगी दिवसभर उभीच राहते का?" बसल्यावर सीटचं माप दोन इंचांनी वाढलं. हे माप मी घेतलंच नव्हतं. गळ्याला टेप लावताना आईने आत एक बोट ठेवलं.

मग तिने दोन्ही बाजूंना खणाच्या पट्ट्या जोडल्या, काखेपासून गुडघ्यापाशी ठेवलेल्या कटापर्यंत. तयार पट्टी दोन इंचांची, पण कापली चार इंच, म्हणजे दोन्ही कडांना एकेक इंच माया. २४ चे २८ झाले. उरलेल्या खणातून तिरक्या धाग्यावर पट्ट्या कापून कॉलरला आणि तिरक्या कापाला गोट लावला. खालची दुमडही चांगली दोन इंचांची ठेवली. "पुढच्या वर्षाले उसवता येईल."

मंडळी, तुम्हीही शिवणार असाल तर एवढं करा. छातीच्या मापात दोन इंच मिळवून मग चार भाग करा. प्रत्येक भागाला शिवणीसाठी निदान पाऊण इंच माया ठेवा. लांबी उभ्या धाग्यावर धरा. आणि आधी जुन्या वर्तमानपत्रावर कापून मुलांच्या अंगाला लावून बघा. कागद चुकला तर रद्दीत जातो.

२१ जुलैला दोघी मैत्रिणींचा फोटो मी आईला पाठवला. एक परकर-पोलक्यात, एक खणाच्या चिओंगसाममध्ये. वर्गात सगळ्यांनी खणाला हात लावून पाहिला, हेही लिहिलं. आईने फोटो मोठा करून पाहिला असणार, कारण लगेच फोन आला.

"कॉलर डावीकडं जरा वर गेली. जूनमध्ये घेऊन ये, नीट करू."

जूनची तिकिटं काढली आहेत.