खिंडीचा रूपबंध आणि नोव्याचा वेढा

अद्भुत आणि ऐतिहासिक हे वाङ्मयप्रकार परस्परविरोधी आहेत, या गृहीतकावर मराठी समीक्षा दीर्घकाळ विसंबून राहिली. 'मुक्तामाला' (1861) आणि 'मंजुघोषा' (1868) यांची गणना तिने भाबड्या वाचकाच्या करमणुकीत केली. डोंगरी किल्ल्याच्या वेढ्याला साल आणि घराण्याचे नाव जोडलेले असले की मात्र तिने तो वास्तव म्हणून निमूट स्वीकारला. ही वाटणी तपासावयास हवी.

पावनखिंडीचे उदाहरण घ्यावे. अरुंद वाट, असंख्यांपुढे उभे ठाकलेले मूठभर, दूरच्या गडावरील तोफांच्या संकेतासाठी प्राण रोखून धरणारा घायाळ वीर: ही सारी सामग्री अद्भुतकथेची आहे. स्थळनामे बदलून ती एखाद्या कल्पित राज्यात नेली, तरी तिच्यातील काही सांडणार नाही. जुलै 1660 मध्ये बाजीप्रभू देशपांडे पडले, बांदलांचे मावळे पडले, हे कोणी नाकारीत नाही. वाद आहे तो कथन कोठे थांबते याविषयी. पन्हाळ्याचा वेढा खिंडीत संपला नाही. सप्टेंबर 1660 मध्ये गड आदिलशाहीच्या हवाली करावा लागला आणि कोंडाजी फर्जंदाने तो परत घेतला 1673 मध्ये. या तेरा वर्षांना लोकप्रिय कथनात जवळपास स्थान नाही. वेढा म्हणजे धान्याचा हिशेब, पाऊस, वाटाघाटी, आणि राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला पुरविलेला दारूगोळा. तोफांचे आवाज ऐकू आले की कादंबरीकार सुटतो; गडावर मागे राहिलेली शिबंदी सुटत नाही.

या रूपबंधाची किंमत सह्याद्रीपासून दूर अधिक कळते. हिंगोलीच्या परिसरात खिंड नाही, पण वेढा झालेला आहे. जानेवारी 1819 मध्ये हटकर नायक नोवसाजी यांच्या नोवा येथील किल्ल्याला निजामाच्या फौजेने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली वेढले. आत प्रामुख्याने अरब शिपाई होते. तटाला भगदाड पाडून 31 जानेवारीला हल्ला झाला आणि शिबंदीतील बहुतेक माणसे मारली गेली. विजेत्या पलटणींनी 'नोवा' हे नाव युद्धसन्मान म्हणून मिरविले. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या मुख्य प्रवाहाने मात्र ते उचलले नाही. उचलणार तरी कसे? येथे सुखरूप पोहोचणारा राजा नाही. बचाव करणाऱ्यांची भाषा मराठी नाही आणि वेढा घालणाऱ्यांना एका शब्दात शत्रू म्हणता येत नाही. हिंगोलीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी परीक्षेत खिंडीचे रसग्रहण लिहितो, आणि आपल्या भागातील वेढा त्याला स्थानिक इतिहासाची किरकोळ बाब वाटतो. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे.

मिथकाला तपशिलाचा जाब विचारणे अरसिकपणाचे आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो मान्य केला तर त्याचा निष्कर्षही मान्य करावा लागेल: पावनखिंडीच्या कथनाला अद्भुत म्हणून वाचायचे, आणि 'मंजुघोषे'ला नाकारलेली गंभीर चिकित्सा दोघींनाही द्यायची. पण हेच कथन वर्गात इतिहास म्हणून शिकविले जाते आणि चर्चासत्रात मिथक म्हणून जपले जाते. दोन्हीकडचे संरक्षण त्याला एकाच वेळी मिळते. नोव्याच्या तटाआड मेलेल्या अरबांना यांपैकी एकही मिळालेले नाही.