तेल उचलले, मातीचे काय?

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘टारबॉल’ म्हणजेच तेलाचे काळे, चिकट गोळे येऊन पडतात. खोल समुद्रात सोडल्या वा सांडल्या गेलेल्या तेलाचा हा अवशेष. तो उचलून किनारा स्वच्छ दिसू लागला की विषय मागे पडतो. मात्र गोळ्यांबरोबर उचललेल्या तेलकट वाळूचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वाळू हलवल्याने तेलाची केवळ जागा बदलते. ते नाहीसे होत नाही.

28 जानेवारी 2017 रोजी चेन्नईजवळच्या एन्नोर येथील कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन इंधन तेल किनाऱ्याला लागले. बादल्यांनी तेलगाळ उपसणाऱ्या माणसांची दृश्ये तेव्हा देशभर पोहोचली. त्यानंतरच्या कामाची चर्चा मात्र कमी झाली. उपसलेल्या तेलगाळाचे निर्मूलन करण्यासाठी तेलभक्षक जिवाणूंचा वापर करण्यात आला. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने आणि ‘टेरी’ या संस्थेने अशी जिवाणू-मिश्रणे विकसित केली आहेत. ‘टेरी’चे ‘ऑइलझॅपर’ तेलशुद्धीकरण कारखान्यांतील गाळासाठीही वापरले गेले आहे.

स्युडोमोनाससारख्या जिवाणूंना तेलातील हायड्रोकार्बन हे अन्न असते. त्याचे विघटन होऊन अखेरीस कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. तथापि, जिवाणू टाकले की काम झाले, असा समज घातक ठरेल. 1989 मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातील तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तेथील मूळच्या जिवाणूंना बळ देण्यासाठी खते टाकण्यात आली. विघटनाला त्यामुळे वेग आला. तरीही काही किनाऱ्यांच्या पोटात, जेथे प्राणवायू पुरेसा पोहोचला नाही, तेथे दशकांनंतरही तेल सापडले. उणीव बहुधा जिवाणूंची नसते. ती हवा, ओलावा, नत्र आणि स्फुरदाची असते.

गोव्यासाठी हा मुद्दा कळीचा आहे. मुसळधार पावसात मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि पोषकद्रव्ये वाहून जातात. म्हणून अशा मातीवरील उपचार तळाला अस्तर व भोवती बांध असलेल्या जागेतच व्हावे लागतात. माती वरचेवर उलथावी लागते. डिझेलसारखे हलके तेल तुलनेने लवकर विघटित होते, तर टारबॉलमधील डांबरी अंश दीर्घकाळ टिकतो. गाळातील जड धातू तर जिवाणूंना पचवून संपवता येतच नाहीत.

त्यामुळे जिवाणूंची खरेदी हे धोरण ठरू शकत नाही. उपचारासाठी निश्चित जागा, आधी व नंतर मातीची चाचणी आणि निकाल जाहीर करण्याचे बंधन, या तीन गोष्टी आधी हव्यात. दोनापावल येथील राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेमुळे तज्ज्ञतेची वानवा राज्याला नाही. समुद्रात तेल सोडणारे जहाज शोधणे कठीण असले, तरी जमिनीवरील गळतीचा धनी सहसा ठाऊक असतो. प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केले आहे. ते मातीपर्यंत पोहोचले नाही, तर सफाईचा खर्च जनतेच्या माथी आणि तेल तिच्या विहिरीत, अशी गत होईल.