कोरडा कागद आणि शाबूत अनुस्वार

तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र, टंकलेखनाचे टेबल किंवा झेरॉक्सचे दुकान चालवणारा व्यावसायिक कागदाचा आणि शाईचा विचार बहुधा खरेदीच्या दिवशीच करतो. रीम कितीला पडली आणि टोनर कितीला भरून मिळाला, यावर त्याच्या बचतीचा हिशेब संपतो. वास्तविक शाई वाया जाते ती दमट कागद यंत्रात घातल्यावर, वीज गेल्यानंतर यंत्र चुकीच्या रीतीने बंद पडल्यावर आणि जिथे पूर्ण शाई द्यायला हवी तिथे हात आखडता घेतल्यामुळे तेच पान पुन्हा छापावे लागल्यावर. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे गाव या प्रश्नाचा नमुना म्हणून घेण्याजोगे आहे, कारण तिथल्या केंद्रचालकाच्या टेबलावर उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विम्याची पावती आणि न्यायालयात दाखल करायचा मजकूर ही चारही प्रकारची कागदपत्रे एकाच दिवसात, आणि बहुधा एकाच यंत्रातून, बाहेर पडत असतात.

या व्यवसायाची खरी परीक्षा जुलैमध्ये होते. 2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा आणि 1 जुलै 2024 पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभरातील केंद्रांसमोर लागलेल्या रांगा सर्वांच्या स्मरणात आहेत. या महिन्यापर्यंत मराठवाड्याची कोरडी हवा पालटलेली असते, आणि एप्रिल-मेमध्ये खडखडीत वाळलेला, कडेने वळणारा कागद पंधरवड्यात ओल धरतो. गर्दीच्या दिवशी कागद अडकू लागला की दोष यंत्राला दिला जातो आणि दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले जाते. उघड्या ट्रेमध्ये रात्रभर राहिलेल्या कागदाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

कागदाचा कोरडेपणा एवढा महत्त्वाचा का, याचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली ज्या छपाईपद्धतीचा पहिला यशस्वी प्रयोग केला, तिला पुढे ग्रीक भाषेतील ‘कोरडे’ आणि ‘लिहिणे’ या अर्थांच्या शब्दांवरून नाव मिळाले, आणि त्याच नावातून मराठीत रुळलेला ‘झेरॉक्स’ हा शब्द आला. लेझर प्रिंटरही याच तत्त्वावर चालतो. ड्रम नावाच्या नळकांड्यावर स्थिर विद्युतभाराने अक्षरांची अदृश्य प्रतिमा उमटते, टोनर म्हणजे काजळी आणि प्लॅस्टिक यांची बारीक भुकटी त्या प्रतिमेला चिकटते, कागदाच्या पाठीमागून दिलेला विद्युतभार ती भुकटी कागदावर ओढून घेतो आणि शेवटी सुमारे 200 अंश सेल्सिअस तापमानाचा रूळ ती वितळवून पक्की करतो. दमट कागदातून हा विद्युतभार झिरपून जातो, त्यामुळे भुकटी पुरती ओढली जात नाही आणि छपाई फिकी दिसते. उरलेली भुकटी ड्रमवरून खरवडली जाऊन टाकाऊ टोनरच्या कप्प्यात पडते. छपाई फिकी आली म्हणून चालक गडदपणाची पातळी वाढवतो, आणि पावसाळा संपल्यावरही ती पूर्ववत करण्याचे राहून जाते. टोनर लवकर संपतो अशी जी तक्रार दिवाळीच्या सुमारास ऐकू येते, तिचे मूळ अनेकदा असे जुलैमध्ये असते.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. रिमेचे वेष्टण आतून ओल रोखणारे असते, म्हणून एका वेळी एकच रीम फोडावी, उरलेले कागद त्याच वेष्टणात गुंडाळून ठेवावेत, खोकी फरशीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावीत आणि दुकान बंद करताना ट्रे रिकामा करावा. वेष्टणावर बाण असल्यास तो प्रथम छापायची बाजू दाखवतो, त्याकडेही लक्ष असावे.

कागदाची निवड करताना जीएसएम या संज्ञेचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरतात, त्यामुळे 80 जीएसएमचा एक कागद 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांची रीम अडीच किलोची असते. 75 जीएसएमची रीम सुमारे 2 किलो 340 ग्रॅम आणि 70 जीएसएमची सुमारे 2 किलो 180 ग्रॅम भरते. शेजारच्या किराणा दुकानातील काट्यावर रीम ठेवली की वेष्टणावरील आकडा आणि आतील माल जुळतो की नाही, हे मिनिटभरात कळते. वजन कमी भरले तर कागद तरी पातळ असतो किंवा संख्येत तरी कमी, आणि दोन्ही परिस्थितींत स्वस्ताई दिखाऊ ठरते.

जाडीइतकाच महत्त्वाचा, परंतु वेष्टणावर सहसा न छापलेला गुण म्हणजे कागदाची खळ. कापडाला देतात तशी कागदालाही स्टार्चची खळ दिलेली असते आणि तीच शाईला पसरू देत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जी जुनी परंपरा आहे, ती तुघलकाच्या राजधानीबरोबर दक्षिणेत आल्याचे सांगितले जाते. बोरूने लिहिण्याच्या त्या काळी कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत असत, कारण न घोटलेल्या कागदावर मोडीचे वळण फुटून जाई. इंकजेट यंत्राची शाई बव्हंशी पाणीच असल्यामुळे आजही प्रश्न तोच आहे. नव्या कागदावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा: तो काही क्षण मण्यासारखा उभा राहिला तर खळ चांगली, टेकताच पसरून मागे डाग उमटला तर तो कागद इंकजेटसाठी नाकारावा, मग त्याचा पांढरेपणा कितीही डोळ्यांत भरणारा असो. हा झगझगीत पांढरेपणा बऱ्याच अंशी उजेड निळसर करून परतवणाऱ्या रसायनाचा असतो. त्याने शाई वाचत नाही. लाकडाऐवजी उसाच्या चिपाडापासून केलेला कागदही दुय्यम समजण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील सरकारी कागद गिरणी 1980 च्या दशकापासून चिपाडाचा कागद बनवते, आणि ज्या तालुक्यात साखर कारखान्यांच्या आवारात चिपाडाचे ढीग रोज नजरेस पडतात तिथल्या व्यावसायिकाने तो एकदा थेंबाच्या कसोटीला लावून पाहायला हरकत नाही.

टोनर वितळवताना लेझर यंत्र विजेचा मोठा झटका ओढते आणि साधा इन्व्हर्टर तो पेलत नाही, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या गावांत टाकीच्या इंकजेट यंत्रांचा प्रसार होणे स्वाभाविक आहे. त्या यंत्रांची एक गरज मात्र पाळली जात नाही. ही यंत्रे त्यांच्या स्वतःच्या बटणाने बंद केली तरच शाईचे मुख टोपणाखाली जाते. भिंतीवरचे बटण थेट बंद केल्यास किंवा छपाई चालू असताना वीज गेल्यास मुख उघडे राहते, शाई वाळते आणि मग ‘हेड क्लीनिंग’ करावे लागते. या सफाईत शाई कागदावर न पडता यंत्राच्या तळातील शोषक गादीत जिरते. या यंत्रांची वीजभूक अल्प असल्यामुळे छोटा यूपीएस जोडूनही ही गळती थांबवता येते.

शाई वाचवण्याच्या सल्ल्यांत ‘ड्राफ्ट’ किंवा ‘टोनर सेव्ह’ हा पर्याय प्रथम सुचवला जातो, आणि देवनागरीच्या बाबतीत सर्वाधिक घात तोच करतो. या पर्यायात यंत्र ठिपक्यांची संख्या कमी करते. रोमन अक्षर त्यामुळे फिके होते, पण वाचता येते. देवनागरीत मात्र अनुस्वार हाच मुळी एक सुटा ठिपका असतो, आणि एकटा बारीक ठिपका धरून ठेवणे लेझर यंत्राला सर्वांत अवघड जाते. बारीक टायपातील उताऱ्यावर ‘शिंदे’ यांचे ‘शिदे’ होते, ‘सूर्यवंशी’मधील रफार आणि अनुस्वार दोन्ही अस्पष्ट होतात. त्या प्रतीची पुन्हा प्रत निघाली की उरलासुरला ठिपकाही जातो, पुढच्या कार्यालयात नोंद करणारा जे दिसते तेच टंकतो, आणि आधारवरील नाव एक व बँकेतील नाव दुसरे, एवढ्या कारणावरून अर्जदाराला तालुक्याच्या फेऱ्या घालाव्या लागतात. एका पानावर वाचलेल्या टोनरची किंमत आणि पाच-सहा कोसांवरून एसटीने येणाऱ्या शेतकऱ्याचा बुडालेला दिवस यांची तुलना होऊ शकत नाही.

दाखले, सातबारा, आठ-अ, पावत्या आणि क्यूआर संकेत असलेले प्रत्येक पान पूर्ण दर्जातच छापावे, अशी या मासिकाची स्पष्ट भूमिका आहे. कार्ट्रिजवर लिहिलेली पानांची संख्याही देवनागरीला जशीच्या तशी लागू करू नये, कारण ती रोमन मजकुराच्या नमुना पानावरून काढलेली असते आणि आपल्या लिपीची शिरोरेषा व उताऱ्याची आखलेली चौकट हा त्यावर चढणारा बोजा आहे.

बचतीला जागा उरते ती इतरत्र, आणि ती पुष्कळ आहे. ओळखपत्राची प्रत काढताना झाकण उघडे राहिले तर कार्डाभोवतीचा सगळा भाग काळा छापला जातो. असे एक पान दाखल्याच्या कित्येक पानांइतका टोनर खाते. मसुदा पडद्यावरच अर्जदाराला वाचून दाखवल्यास चुकीची छापील प्रत निघतच नाही. ‘मंगल’ हा टाइप पडद्यासाठी घडवलेला असून त्यात ओळींमधील अंतर बरेच मोठे पडते, म्हणून लांब मजकुरात ते अंतर नेमके ठरवून दिले तर पाने घटतात. पाठपोट छपाईला तर आता सर्वोच्च न्यायालयाचाच आधार आहे: मार्च 2020 च्या परिपत्रकाने तिथे दाखल होणारी कागदपत्रे किमान 75 जीएसएमच्या ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी छापण्यास सांगितले. पातळ कागदावर पाठीमागची अक्षरे पुढे दिसतात, म्हणून 70 ऐवजी 75 जीएसएमची रीम घेऊन पाठपोट छापणारा केंद्रचालक रिमेला थोडे अधिक मोजूनही निम्म्या कागदात काम भागवतो. दुकानातील दरफलकावर पाठपोट पानाचा वेगळा, दोन पानांहून कमी दर लिहिलेला असला की गिऱ्हाईकही ते आपणहून मागू लागते.