दोघांचा बँड आणि सन हाउस आजोबा

फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक हजारोंनी एका सुरात ‘ओऽ ओ ओ ओ ओऽ ओऽ’ अशी धून गातात, ऐकलीय ना? ती ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या अमेरिकन बँडची, २००३ सालच्या ‘एलिफंट’ अल्बममधली.

बँड म्हटलं की चार-पाच जण तरी हवेत. इथे दोघंच! जॅक व्हाइट गायचा नि गिटार वाजवायचा, मेग व्हाइट ड्रम वाजवायची. दोघंही डेट्रॉइटचे, म्हणजे मोटारींच्या कारखान्यांच्या शहरातले. १९९७ साली सुरू केलेला बँड त्यांनी २०११ साली थांबवला.

मला मात्र त्यांचा २००० सालचा ‘द स्टाइल’ हा अल्बम जास्त आवडतो. छोट्या कंपनीनं काढलेला, जॅकच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत टेपवर ध्वनिमुद्रित केलेला. नाव डच आहे. १९१७ साली नेदरलँड्समधल्या काही कलावंतांनी ठरवलं, सरळ रेषा आणि मोजके रंग, बस्स! त्यांच्यातल्या रिटफेल्टची लाल-निळी खुर्ची जगप्रसिद्ध आहे. जॅक आधी सोफा-खुर्च्यांना कापड चढवायचं काम करायचा. त्याला खुर्चीवाल्याचं अप्रूप वाटणारच!

या अल्बममध्ये ‘डेथ लेटर’ नावाचं गाणं आहे. ते मूळचं सन हाउस यांचं. मिसिसिपीतले हे कृष्णवर्णीय गायक ‘ब्लूज’ गायचे. ब्लूज म्हणजे कष्टकऱ्यांच्या दुःखाची गाणी. १९३० साली त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, पण फारशा खपल्या नाहीत. पुढे त्यांनी गिटार ठेवूनच दिली आणि रेल्वेत नोकरी धरली. १९६४ साली काही तरुण त्यांना शोधत रॉचेस्टर शहरात पोचले, तेव्हा आजोबा स्वतःचीच गाणी विसरले होते! मग अ‍ॅलन विल्सन या विशीतल्या मुलानं त्यांच्याजवळ बसून त्यांचंच वादन त्यांना पुन्हा शिकवलं. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, ‘डेथ लेटर’ ध्वनिमुद्रित झालं. गंमत बघा, सन हाउस १९८८ साली वारले ते डेट्रॉइटमध्येच. जॅक तेव्हा तेरा वर्षांचा होता.

तुमच्या आईबाबांना वाटेल, दुसऱ्याचं गाणं गायलं म्हणजे नक्कलच की! मला तसं वाटत नाही. गाण्यापुढे सन हाउस यांचं नाव आहे. अल्बमही रिटफेल्ट आणि ब्लाइंड विली मॅकटेल या दोघांना अर्पण केलाय. मॅकटेल अंध होते, बारा तारांची गिटार वाजवायचे. १९५९ साली ते गेले. तोवर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढे त्यांचं गाणं डेट्रॉइटच्या पोरांनी गायलं. नाव लपवून गायली असती तर मी हा मजकूर लिहिलाच नसता.

आणि साधनं? एका माहितीपटात जॅक लाकडाची फळी, खिळे, एक तार आणि काचेची बाटली घेऊन एकतारी गिटार बनवतो. ब्लूज गाणारे अनेक जण पूर्वी लहानपणी अशीच वाद्यं बनवायचे. आपलं तुणतुणं आठवलं ना? सुट्टीत करून पाहा, पण खिळे ठोकताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं बरं का! तार ताणून बसवा, तिच्याखाली छोटी बाटली आडवी सरकवा आणि तार छेडा. दुसरी एक बाटली तारेवरून हळूहळू फिरवलीत, की सूर रडल्यासारखा वर चढत जाईल.