निपाणी: निकालाच्या प्रतीक्षेतील सीमावर्ती शहर

गारखेडा, (प्रतिनिधी) – १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच दिवशी मुंबई राज्याच्या बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली. मराठवाड्याचा भाषिक प्रश्न त्या तारखेने बव्हंशी सुटला. निपाणीचा मात्र तेथूनच सुरू झाला.

पुणे-बंगळूर महामार्गावरील हे शहर कोल्हापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, तर जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बेळगावपासून जवळजवळ दुप्पट अंतरावर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ६२ हजारांहून अधिक होती. पेशवाईच्या उत्तरकाळात निपाणकर देसाई अर्थात सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांच्या जहागिरीमुळे शहराचा दबदबा वाढला. पुढे ही जहागीर इंग्रजांनी खालसा केली. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद येथे भरली होती. सीमावादाच्या चर्चेत हा इतिहास सहसा कोणी काढत नाही.

निपाणीची खरी ओळख तंबाखूची. परिसरातील काळ्या जमिनीत पिकणारी विडीची तंबाखू, तिच्या वखारी आणि वखारींत राबणाऱ्या स्त्रिया यांवर शहर उभे राहिले. या स्त्रियांच्या संघर्षावर ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट काढला. त्याआधीच्या वर्षी उत्पादकांचा असंतोष रस्त्यावर आला होता. व्यापारी ठरवतील त्या भावात माल विकावा लागणाऱ्या शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये महामार्गावरच ठाण मांडले. तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेले हे आंदोलन ६ एप्रिल रोजी पोलिसांनी मोडून काढले. गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. आंदोलनाचे नेतृत्व महाराष्ट्रातले, गोळीबार कर्नाटकच्या पोलिसांचा. पण मागणी केवळ भावाची होती, भाषेची नव्हे, ही बाब विसरता येत नाही.

सीमावादाच्या राजकारणात निपाणीची स्थिती बेळगावपेक्षा वेगळी आहे. बेळगाव कर्नाटकातच ठेवणाऱ्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली होती. बेळगाव नाकारले गेल्याने महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि जे पदरात पडणार होते तेही लांबले. ही भूमिका तत्त्वतः योग्य असेलही. तिची किंमत मात्र निपाणीकरांनी मोजली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने ८६५ गावांसाठी ठराव केला. त्या दिवसांत निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांचा पहारा होता.

दैनंदिन जीवनाने या प्रश्नाला आपल्या परीने वळसा घातला आहे. शहरालगतचे देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. घर कर्नाटकात, वर्ग महाराष्ट्रात, अशी स्थिती विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अनुभवली. जवळच्या आप्पाचीवाडीतील हालसिद्धनाथांची भाकणूक ऐकायला दोन्ही राज्यांतील भाविक येतात. त्याच नावाचा सहकारी साखर कारखाना निपाणीत आहे. तंबाखूच्या पट्ट्यात उसाने हातपाय पसरले आहेत.

शासकीय कामकाज कन्नडमध्ये, बाजाराची बोली मराठी. निपाणीला तालुक्याचा दर्जा २०१८ मध्ये मिळाला; त्यामुळे किरकोळ कामांसाठी चिकोडीला होणाऱ्या खेपा कमी झाल्या. दुसरीकडे महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकातून तीव्र आक्षेप घेतले गेले. रुग्णाला खाट कोणत्या राज्याने द्यावी, हादेखील येथे वादाचा विषय होतो. मराठवाड्याला हे दूरचे वाटू नये. बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, हुमनाबाद या लातूर-नांदेडजवळच्या भागांतील गावेही याच दाव्यात निकालाची वाट पाहत आहेत.